साखर पेठेतल्या इराण्याचा जामीन

अब्बासशेठ यांना, जिथे असाल तिथे,

आयुष्यात मी तुमच्याबद्दल पुष्कळ लिहिलं, पण ते सगळं वरच्या साहेबांना. तुम्हाला लिहायची ही पहिलीच वेळ, आणि तीही तुम्ही गेल्यावर. हसू नका. उद्या सकाळी मला चौकीवर जाऊन एका कागदावर सही करायची आहे. सही करण्याआधी ज्याचा संशय आहे त्याला समोर बसवून चार प्रश्न विचारायचे, ही माझी नोकरीतली सवय. पेन्शन लागली म्हणून हवालदाराची सवय सुटते होय?

गोष्ट तुमच्या सकीनाबाईंची आहे. तुमच्या पासपोर्टावर नाव तुमचं, फोटो तुमचा, आणि त्यांच्यासाठी खाली फक्त एवढंच, की सोबत पत्नी आहे. आता तुम्ही गेलात, तर ती पत्नी कुणाची आणि इथे कशासाठी, असं नवे फौजदार विचारतात. परदेशी बाई, स्वतःचे कागद नाहीत, नवरा नाही, मूल नाही. गावातल्या कुणा भरवशाच्या माणसानं जामीन राहावं, नाहीतर मुंबईला नेऊन इराणच्या बोटीत बसवावं लागेल, असं त्यांचं म्हणणं. तिकडे आपलं कोणी उरलं नाही, असं बाई सांगतात. असं तर सगळेच सांगतात!

आणि जामीन म्हणून त्यांनी नाव कुणाचं दिलं? माझं! ज्यानं तुमच्या दुकानावर इतकी वर्षं पाळत ठेवली, त्याचं! ही अक्कल त्यांची की तुमची?

शेठ, तुमचा मला पहिल्या दिवसापासून संशय होता. पेठेतली ती कोपऱ्यावरची जागा अपशकुनी म्हणून आमच्यातलं कोणी घ्यायला तयार नव्हतं, ती तुम्ही घेतलीत. घेतलीत ती घेतलीत, वर भिंतींना आरसे लावलेत. चहाच्या दुकानात आरसे कशाला हो? मी दाराजवळच्या बाकावर बसून तुमच्यावर नजर ठेवायचो, आणि मान वर केली की तुम्ही आरशातून माझ्याकडे बघत असायचात. मग मी घाईनं बशीत तोंड घालायचो.

मग तुमच्या भाषा! साळ्यांशी तेलुगू, अक्कलकोटकडच्या माणसांशी कानडी, मिलच्या जॉबरशी, म्हणजे मुकादमाशी, दखनी उर्दू, आणि माझ्याशी मराठी, तीसुद्धा अस्सल सोलापुरी. इथे जन्म काढलेल्या माणसाला जे जमत नाही ते तुम्हाला दोन-तीन वर्षांत कसं जमलं? एवढ्या भाषा हेराला लागतात, असं मी तोंडावर म्हटलं होतं. तुम्ही काच पुसत म्हणालात, "हेराचं मला काय ठाऊक न्हाय. पन चहा विकायचा तर 'साखर कमी' सगळ्या भाषांत कळाय लागतंय की."

बोलण्यात तुम्हाला कोण धरणार!

एकदा धरलं होतं. गाव विचारलं तर आधी सांगितलंत यझ्द, पुढच्या खेपेला सांगितलंत तफ्त. मी टेबलावर हात आपटला. तुम्ही शांतपणे विचारलंत, "हवालदारसाहेब, तुमी कुठले?" मी म्हटलं, सोलापूरचा. "आनि आई कुठं राहती तुमची?" आई राहत होती मोहोळच्या पलीकडे एका खेड्यात. मी चहा संपवून उठलो. पण संशय गेला नव्हता, एवढं ध्यानात असू द्या.

तुमच्या घरातली ती पत्र्याची पेटी आठवते? दुकान चाललं, भट्टी बांधलीत, टेबलं वाढली. पण कपड्याला कपाट म्हणून काही घेतलं नाहीत. सगळं त्या पेटीत, आणि पेटी कायम दोरीनं आवळून दाराजवळ. पळायच्या तयारीतल्या माणसाची हीच खूण. मी विचारलं होतं, "शेठ, तुम्ही इथे राहायला आलात की थांबायला?"

तुम्ही म्हणालात, "तुमी काढून दिलं न्हाय तर राहायला."

त्या दिवशी मी काहीच लिहिलं नाही.

सगळ्यात जास्त संशय मात्र तुमच्या सांगण्याचा. नियम एवढाच होता, की परदेशी माणसानं गावाबाहेर मुक्कामाला जायचं असेल तर चौकीवर कळवायचं. तुम्ही त्याचा काय अर्थ घेतलात देव जाणे! घरातल्या वडीलधाऱ्याच्या कानावर घालून बाहेर पडावं, तसं तुम्ही हवालदाराच्या कानावर घालायला लागलात. ही या मुलखाची रीतच आहे असं तुम्हाला वाटलं असावं, असा मी समज करून घेतला.

"हवालदारसाहेब, कुर्डुवाडीला चाललो की. मैदा अडकलाय स्टेशनात."

"हवालदारसाहेब, औंदा गड्ड्याच्या जत्रंत चहा लावतोय."

"आज अंगात कणकण हाय, भट्टी उशिरा पेटंल."

"सकीनाचं आनि माझं वाजलंय. आज मी दुकानातच झोपनार, उगं शंका घेऊ नका."

अहो, बायकोशी वाजल्याची खबर कोणत्या सरकारला हवी असते? एवढं सांगायची गरज नाही, असं मी तुम्हाला कधी म्हटलं नाही. कशाला म्हणू? माहिती आपल्या पायांनी चालत येत असेल तर कोणता पोलीस दार लावून घेईल? पण आतून खात राहायचं. न विचारता इतकं सांगणारा माणूस दडवतो तरी काय?

मार्शल लॉच्या दिवसांत रस्त्यावर गोरे शिपाई होते आणि बाहेरून आलेला प्रत्येक माणूस आम्हाला वाकडाच दिसत होता. तेव्हा तर तुम्ही माझ्या घरी येऊन उंबऱ्याबाहेर उभे राहिलात. "मी दुकान बंद करून घरात बसनार हाय. ठाऊक असू द्या." माझ्या बायकोनं, भागीरथीनं, तुम्हाला वरून ओंजळीत पाणी घातलं. तुम्ही प्यायलात, तोंड पुसलंत आणि गेलात. तुम्ही खरंच घरी आहात का, हे बघायला मी दुपारी गुपचूप येऊन गेलो. होतात. उन्हात बसून नखं काढत होतात!

आणि ती सकाळ. मिलचा भोंगा अजून व्हायचा होता. दारात सकीनाबाई. डोळ्याला पाणी नाही. "त्यांनी म्हनून ठेवलं होतं, काय बी झालं तर आधी हवालदारसाहेबांना कळवायचं. गेले ते." मशिदीत नाही, पुण्यातल्या तुमच्या इराण्यांकडे नाही, आधी माझ्याकडे! धक्क्यानं बाईचं भान गेलं असावं, असं वाटलं मला. माझंही जरा गेलंच होतं. उगाच खोटं का बोलू, त्या दिवशी तुमच्या दुकानाच्या बंद फळ्या मला बघवेनात.

आता बाईंचं ऐका. फौजदार म्हणाले, "हवालदार, ही बाई इथली झालीय का, तेवढं बघून सांगा." इथली झाली हे कसं बघायचं? ते काय कपाळावर लिहिलेलं असतं? मी जुन्या सवयीनं पेठेतल्या नळाच्या पलीकडे, पानाच्या गादीच्या आडोशाला जाऊन उभा राहिलो.

नळावर कल्लोळ चालला होता, आणि मधोमध तुमच्या सकीनाबाई, कंबरेला ओढणी खोचून.

"माझी घागर पयली हाय! सकाळच्यानं हुबी हाय मी!"

"तू कुठली गं आमाला सांगनारी?"

"हितलीच!" असं म्हणून त्यांनी तेलुगूत असं काही सुनावलं, की साळ्यांच्या बायका तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. मला कळलं नाही. घागर मात्र त्यांचीच पहिली भरली.

शेठ, मी पुष्कळ पाहुणे बघितलेत. पाहुणा नळावर भांडत नाही. तो मिळेल तेवढं पाणी घेतो आणि गप्प बसतो. जबाबात मी तेच सांगितलं.

घरी येऊन ते तेलुगू शब्द जमतील तसे भागीरथीला म्हणून दाखवले आणि विचारलं, बाई काय म्हणाली असेल गं? तर हिनं मला ती शिवी अर्थासकट सांगितली! माझा चेहरा बघून म्हणते, "तिनंच शिकिवली मला."

"तू जातेस तिच्याकडे?"

"व्हय. मागल्या दारानं. ती मला पाव देती, मी तिला शेंगाची चटणी देती."

"पाव? पायानं मळतात म्हणून शिवत नव्हतीस ना?"

"हातानंच मळत्यात. बघून आले मी. तुमी एवढी वर्सं तितं बसून ऱ्हायला, आनि तेवढं बघितलं न्हाय व्हय?"

मी विषय बदलला. म्हटलं, त्या दाराजवळच्या पेटीत काय असतं, ते ठाऊक आहे का तुला?

"ज्वारी. उंदरं लई झाल्यात तिच्या घरात. कपडे खुंटीला अस्त्यात."

घ्या! म्हणजे माझ्या घरातच तुमचं ठाणं बसलं होतं आणि मला पत्ता नाही. कुणावर विश्वास ठेवायचा माणसानं?

काल जबाब झाला. फौजदारांनी तुमच्याबद्दलही खोदून खोदून विचारलं, कारण माझ्याच जुन्या लिखाणात जागोजागी 'संशयास्पद' असा शेरा आहे. मार्शल लॉमध्ये हा इसम कुठे होता? घरात. कशावरून? सांगून गेला होता, आणि मी जाऊन बघितलं. पुण्याला कशाला गेला होता? भाच्याच्या लग्नाला. दुकान मध्येच का बंद होतं? ताप होता. मी घडाघडा सांगत गेलो. शेवटी त्यांनी टाक खाली ठेवला. म्हणाले, "हवालदार, माझ्या सख्ख्या भावाबद्दल मला एवढं सांगता यायचं नाही. बाकीच्या परदेशी लोकांबद्दल कोणाला काहीच माहीत नसतं, म्हणून तर त्यांना घालवून द्यावं लागतं. या माणसाचं सगळं स्वच्छ आहे. बाईंना जामीन राहा, मी अडवत नाही."

चौकीची पायरी उतरताना माझे पाय थांबले. चार भाषांत साखर कमी करणारा माणूस! त्याला एका ओळीचा सरकारी नियम कळला नाही, यावर मी विश्वास कसा ठेवला? कळला होता शेठ, तुम्हाला तो नियम पहिल्याच दिवशी कळला होता! परक्या मुलखात आपल्या बाजूनं बोलायला कोणी नसतं, हेही कळलं होतं. म्हणून तुम्ही रोज येऊन, थोडं थोडं सांगून, एक साक्षीदार तयार केलात. तोही पोलिसातला! मी समजत होतो, पाळत मी ठेवतोय. आणि जाताना बायकोला बरोबर त्या साक्षीदाराच्या दारात पाठवलंत. इतक्या वर्षांत एवढं एकच कारस्थान सापडलं तुमचं, आणि ते तुम्ही गेल्यावर.

असंच होतं ना? बोला की!

का माझं हेही चुकलं? तुमच्या मनात कावा वगैरे काही नव्हता, आणि कणकण आली, भांडण झालं, मैदा अडकला, हे दिवस मावळायच्या आत कुणाला तरी सांगावं म्हटलं तर या एवढ्या सोलापुरात तुम्हाला दुसरं कोणी नव्हतं? हा विचार काल रात्रीपासून डोक्यातून जात नाही. कारस्थान असेल तर बरं, असं मला आयुष्यात पहिल्यांदा वाटतंय.

उद्या मी सही करतो. बाई कुठे जातात, काय करतात, याला आता मी जबाबदार. तेव्हा बाईंनी दुकानाच्या फळ्या उघडल्या की रोज येऊन बसणार, आणि डोळे उघडे ठेवूनच बसणार. तुमच्या इराण्यांचा काय नेम! पण एक वचन घ्या. त्या जे सांगायला येतील ते मी ऐकून घेईन, नियमात बसो न बसो. लिहून मात्र काही ठेवणार नाही.

तुमचा,
महादेव हवालदार