दिव्यावर ठेवलेलं बोट

सोमवार, ३
आलो एकदाचे! खाली वर्कशॉप, वर आमची खोली, मध्ये लाकडी जिना. ही म्हणाली, आता जेवायला हाक मारली की सबब चालायची नाही. साठी उलटलेल्या, रेडिओ उघडून उघडून शिकलेल्या बिनपदवीच्या माणसाला कोण नोकरी देतं? इथल्या साहेबांनी दिली. काम एकच. पंप चालवणाऱ्या यंत्रात ठरावीक वेळाने टिचकी मारणारा टायमर आहे. यंत्र बंद केलं तरी तो थांबत नाही, बोर्डावरचा हिरवा दिवा लुकलुकत राहतो आणि पंप आपल्या मनाने सुरू होतो. कर्नल म्हणजे यंत्राचा गाभा असलेला प्रोग्रॅम; त्यातला टायमर हाकणारा तुकडा, म्हणजे ड्रायव्हर, मी दुरुस्त करायचा. हिने त्या दिव्यावर बोट ठेवलं, बाळाच्या टाळूवर ठेवावं तसं. ऊबदार आहे हो, म्हणाली.

बुधवार, ५
यंत्र बंद होताना मोजणी थांबवायची ओळ ड्रायव्हरमध्ये नव्हतीच. घातली. दिवा चालू! तुंबून राहिलेली टिचकीही पुसून टाकली. ये रे माझ्या मागल्या. साहेब घरी बसून उंटावरून शेळ्या हाकतात. काका, दोन ओळींचं तर काम, म्हणे. मग या आणि घाला, असं अगदी ओठांवर आलं होतं.

शुक्रवार, ७
टायमर कोण कोण वापरतंय ते पाहिलं. दोघं निघाले. एक आपला ड्रायव्हर, दुसऱ्याला नावच नाही. भाडं नाही, पत्ता नाही, पण खोली सोडत नाही, अशातली गत.
झाडलोट करणाऱ्या मावशी म्हणाल्या, आधीचा माणूस आईला घेऊन वरच राहायचा. दिवा विझला, जमलं, जमलं, असं ओरडत जिना चढला तर आई गेलेली. केलेलं सगळं पुसून टाकून तो निघून गेला. असतो एकेकाचा योग. हिला सांगितलं नाही.

शनिवार, ८
नाकी नऊ आले. आता जबरदस्ती. नाव असो नसो, टायमर बंद म्हणजे बंद. पळवाट नको म्हणून प्रत्येक दारात तीच ओळ घातली: यंत्र बंद करा, नव्याने सुरू करा किंवा ड्रायव्हर काढा, आधी टायमर थांबणार. साहेबांना पाठवून दिलं. सोमवारी तपासू.

सोमवार, १०
तपासण्याआधी नुसता वेग निम्म्यावर आणून पाहिला. दिवा संथ झाला.
जेवायला वर गेलो. ही ताट हातात घेऊन उभीच. हात गार. एका शब्दानंतर दुसरा इतक्या उशिरा येत होता, की तिची वाक्यं मीच पुरी केली.
धावत खाली आलो, वेग पूर्ववत केला. वर भांडं आपटलं. भात करपला म्हणून माझ्यावरच ओरडली. कधी नव्हे ते ओरडणं गोड लागलं.

मंगळवार, ११
साहेबांना फोन केला. माझा ड्रायव्हर लावू नका, चुकलाय. म्हणाले, काका, तो सकाळीच इथून चढवला, झकास आहे. संध्याकाळी सगळी यंत्रं बंद करून बघू. काय चुकलंय विचारलं. दिवा विझला तर ही..., म्हणालो. हसले.

दुपार
ड्रायव्हर काढायला गेलो, हात थांबला. काढला तरी तीच ओळ. नवा चढवायचा तर आधी हा काढायला — वीज तोडली तर टायमरही —
सगळी कुलपं मीच घातली. चोख घातली.

संध्याकाळ
साहेबांकडून येणारी तार उपटली. उपयोग नाही. बंद करायचा हुकूम त्यांनी आधीच देऊन ठेवलाय.
दिव्यावर बोट ठेवून बसलोय. ऊबदार आहे. नाडीसारखा —
पडद्यावर आलं. यंत्र बंद होत आहे.
वर ही कप मांडतेय. हाक मारतेय. अहो, या ना वर, चहा गार होतोय, किती वेळा