पारोळा चालू

१२ एप्रिल १९९९, जळगाव

पोचलो एकदाचा! उन्हाने टाळकं भाजून निघालं, पण शेवभाजी हाणली आणि गावाशी गट्टी जमली. लीलाधरशेठ केळीचे व्यापारी, हौस मात्र इंटरनेटची. ऑफिसात सर्व्हर बसवलाय. पारोळा, एरंडोल, पाळधी या केंद्रांवरची माणसं फोन जोडून त्यावर भाव बघतात. अडचण एकच. पलीकडचा माणूस न सांगता निघून गेला, तरी सर्व्हर त्याला 'चालू'च दाखवतो. गेलेला ओळखायचा कसा, एवढ्यासाठी मला नाशकाहून आणलंय. शेठना म्हटलं, चुटकीसरशी करतो.

१५ एप्रिल

जमलं! सर्व्हर आता मधूनमधून प्रत्येक केंद्राला विचारतो, 'आहात का?' इंग्रजीत 'येस' आलं तर माणूस आहे. काहीच आलं नाही तर तो गेला असं धरायचं आणि जोडणी तोडायची. स्वतःचीच पाठ थोपटली.

फोन सांभाळणाऱ्या कुंदाअक्का मात्र म्हणाल्या, हे गेल्या वर्षी हवं होतं. पारोळ्याचं केंद्र वना नावाचा पोरगा सांभाळायचा; त्याला मशीनसमोरच छातीत कळ आली. एकटाच होता. इथे पडद्यावर दिवसभर 'पारोळा चालू', म्हणून कुणी चौकशीच केली नाही. तिथेच गेला बिचारा. फार वाईट वाटलं ऐकून. ते केंद्र तेव्हापासून बंद आहे.

१९ एप्रिल

यादीतून पारोळ्याचं नाव काढायचं राहूनच गेलं. सर्व्हरने तिथेही विचारलं, आणि भरदुपारी उत्तर आलं. येस. अक्का म्हणतात, तिथला फोन केव्हाच कापलाय. माझ्याच प्रोग्रॅममध्ये घोळ असणार.

२० एप्रिल

पारोळा काढून टाकलं. आज 'येस' एरंडोलहून. फोन लावला तर तिथले गिरधरभाऊ म्हणाले, सकाळपासून वीज नाही, मशीन बंद आहे. घाबरलो. प्रश्न विचारणंच थांबवलं.

२१ एप्रिल

न विचारता आलं. पाळधीहून. येस – येस –

अक्कांना पडदा दाखवला. त्यांचा चेहराच उतरला. म्हणाल्या, वनाला कुठलं इंग्रजी? तो अहिराणीच इंग्रजी अक्षरांत टाइप करायचा. "भाऊ, आमनी बोलीमा 'येस' म्हंजे 'येतो' शे."

त्या दिवशी त्याला कुणी विचारलं नाही. मी विचारलं – आणि तो –

पारोळा, एरंडोल, पाळधी. एकच रस्ता. पुढे जळगाव.

२२ एप्रिल

अक्का आल्या नाहीत. शेठ मुंबईला. दुपारच्या गाडीने नाशिक गाठतो – सर्व्हर तेवढा बंद करून –

तारा उपटल्या. पडदा विझत नाही. यादीत नवं नाव. जळगाव. त्यापुढे 'चालू'.

खाली प्रश्न. आज मी टाकलेला नाही. आहात का?

दाराची कडी लावलीय. तरी बाहेरून कुणीतरी –

'येस' लिहावं तर येतो म्हटल्यासारखं. गप्प राहावं तर गेला असं धरायचं – नियम माझाच –

पुन्हा विचारतोय. आता पडद्यावर नाही. कानाशी –

आहे, वनाभाऊ, मी इथेच आ