सम्राटाचा आवाज

१२ फेब्रुवारी

प्रिय बारक्या,

अनेक आशीर्वाद. आम्ही सगळे ठीक आहोत, तूही ठीक असशील असं धरून चालते. आईचा गुडघा कुरकुरतोय, म्हणजे नेहमीसारखाच. ह्यांची बदली पुन्हा टळली, त्यामुळे घरात आनंदीआनंद आहे आणि मला भाजी आणायला सोबत आहे. खालचे शिंपीकाका तुझी आठवण काढतात. आपल्या फिल्ममधल्या सम्राटाचा काळा झगा अजून त्यांच्या दुकानात खुंटीवर लटकतोय. गिऱ्हाइकाने विचारलं की मान ताठ करून सांगतात, "राजघराण्यातलं काम आहे."

फोन असताना पत्र कशाला, म्हणशील. फोन बैठकीत आहे आणि बैठकीत बाबा आहेत. शिवाय हे बोलताना मला रडू फुटेल, आणि तू मला रडूबाई म्हणायला टपलेलाच असतोस.

कंपनीच्या नोटिशीचं तू दर वेळी विचारलंस आणि मी दर वेळी विषय बदलला. आपली फिल्म कंपनीला दाखवली कुणी, चुगली कुणाची, यावरून तू समोरच्या केमिस्टपासून शाळेतल्या मित्रांपर्यंत सगळ्यांना धुऊन काढलंस. चुगली कुणीच केली नाही रे. बाबांनीच पाठवली. चांगलं पाकीट आणलं, सुवाच्य अक्षरात पत्र लिहिलं. 'आपला सिनेमा आम्ही घरची मंडळी वर्षानुवर्षं पाहत आलो. प्रेमापोटी त्याची थोडी टवाळी केली आहे. दिग्दर्शकसाहेबांनी एकदा पाहावी आणि हसू आलं तर कळवावं.' वर फिल्मच्या शेवटी आपण हौसेने सगळ्यांची नावं आणि पत्ते घातलेलेच होते. चोराने दारावर पाटी लावावी तशातली गत. पण आपल्याला आपण चोर आहोत असं वाटलं होतं का कधी?

कंपनीच्या पत्राची सुरुवात 'आपल्या प्रेमाबद्दल आभारी आहोत' अशी होती. बाबांनी तेवढं वाचून आईला हाक मारली. पुढचं मी वाचलं.

वकीलबाईंकडे गेलो तेव्हा त्यांनी सिनेमाच पाहिलेला नव्हता. मग सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं. मूळ सिनेमात ताऱ्यांचा सम्राट ग्रह जाळत सुटतो. आमच्या फिल्ममध्ये तोच सम्राट बस स्टँडवर घोषणा केल्यासारखं बोलतो, कारण ते काम करणारे आमचे वडील आहेत आणि जन्मभर त्यांनी स्टँडच्या माइकवर तेच केलंय. "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. पृथ्वीचा विनाश करणारे यान फलाट क्रमांक तीनवर लागत आहे. विनाशास झालेल्या विलंबाबद्दल आम्ही दिलगीर आहोत." मी म्हणून दाखवलं, तर वकीलबाई चहाचा कप खाली ठेवून हसल्या. मला वाटलं, सुटलो.

मग त्यांनी फिल्म पाहिली. म्हणाल्या, "टवाळीला थोडीफार मोकळीक असते हो. पण तुम्ही त्यांचं संगीत उचललंत, आकाशातली लढाई जशीच्या तशी चिकटवलीत. मालकी त्यांची. भांडायचं तर भांडता येईल, पण त्यात वर्षं जातील, आणि मी तुम्हाला जिंकाल असं सांगणार नाही." बाबांनी खिशातलं पेन काढून माझ्या पिशवीवर लिहिलं, 'बरोबर आहे त्यांचं. विचारायला हवं होतं.' आणि हमीपत्रावर सही केली. सगळ्या प्रती नष्ट करू, अशी.

बाबा बोलले नाहीत, पिशवीवर लिहिलं, हे तू वाचलंस ना? मी ते असंच पुढे ढकलून देणार होते, पण आता लिहिलंय तर लिहिलंय.

फोनवर तुझ्याशी बहाणे मी खूप केले. बाबांचा घसा बसलाय, बाबा झोपलेत, बाबा फिरायला गेलेत. त्यांचा घसा बसलेला नाही, बारक्या. गाठ निघाली. स्वरयंत्रच काढावं लागलं. जीव वाचला, तेवढे देवाचे उपकार मानायचे, डॉक्टरही तेच म्हणतात. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी बाबांनी मला बजावलं, "त्याला आत्ताच नोकरी लागलीय. पळत यायला लावू नकोस." त्यांचं माझ्याशी बोललेलं ते शेवटचं वाक्य, मग मी ते मोडणार कसं?

गळ्याला लावायचं एक यंत्र मिळालंय. त्यातून एकाच सुरात शब्द येतात. बाबांनी एकदा लावलं, आईकडे पाहिलं आणि कपाटात ठेवून दिलं. 'स्टँडवर माझ्या जागी रेकॉर्ड केलेली बाई आणली, ती यापेक्षा बरी बोलते,' असं लिहून दाखवलं. आम्ही हसलो. हसायचंच होतं.

आपल्याकडच्या प्रती ह्यांनी बाबांच्या समोर पुसल्या. त्याआधी सगळ्यांनी बसून फिल्म एकदा पाहिली. आईने डोळे मिटून घेतले होते. मी विचारलं, बघत का नाहीस? तर म्हणाली, "बघायचं काय त्यात? गप ऐकू दे."

प्रती पुसून झाल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला. बाबांचा आवाज दुसरीकडे कुठेच नाही. लग्नाचं, बारशाचं सगळं चित्रण त्यांनीच केलेलं, आणि शूटिंगमध्ये आवाज येईल म्हणून ते श्वाससुद्धा रोखून धरायचे. फोनवर दोन शब्दांत उरकणारा माणूस. स्टँडवर रोज बोलले ते त्याच दिवशी हवेत गेलं.

मी वकीलबाईंना पुन्हा गाठलं. त्या म्हणाल्या, संगीत त्यांचं, चित्रं त्यांची, पण तुमच्या वडिलांचा नुसता आवाज हा काही त्यांचा नाही. तो मात्र जपून ठेवा. फिल्ममध्ये तू आवाज आणि संगीत एकत्र कालवलंयस, ते आता वेगळं होणार नाही, एवढं मलाही कळतं. पण त्याआधी तू बाबांना गादीच्या कपाटात बसवून, वर गोधडी टाकून, नुसता आवाज घेतला होतास. घामाघूम होऊन बाहेर आले होते, आठवतं? ती रेकॉर्डिंगं तुझ्याकडे असतील. तेवढी पाठव. बाकी मला काही नको.

तुझी,
ताई


२० फेब्रुवारी

प्रिय ताई,

सा. न.

पत्र स्टुडिओत मिळालं. जिन्यात बसून वाचलं. दोनदा वाचलं, कारण पहिल्यांदा घशाच्या गाठीनंतरचं काही डोक्यात गेलंच नाही.

ताई, माझ्याकडे काही नाही.

नोटीस मलाही आली होती, ती माझ्या कामाच्या पत्त्यावर आली, कारण फिल्मच्या शेवटी मी हौसेने तोच घातला होता. आमचा स्टुडिओ अशाच कंपन्यांची कामं करतो. इथे रोज दुसऱ्यांचे सिनेमे माझ्या हातात असतात. माझ्या नावावर असलं काही आहे हे साहेबांना कळलं असतं, तर मी त्याच दिवशी रस्त्यावर असतो. नोटिशीत लिहिलं होतं, फिल्म, तिच्या प्रती आणि कच्चं साहित्य. मी वकिलाला विचारलं नाही, तुला विचारलं नाही. घरी आलो आणि डिस्क पूर्ण पुसली. नुसती पुसली नाही, वरून दुसरं भरलं, म्हणजे परत काढता येऊ नये. हे काम मला चांगलं येतं.

पुसायच्या आधी मी एकदा ऐकायलासुद्धा थांबलो नाही. मला वाटलं, कशाला, बाबा आहेत की. पुढच्या सुट्टीत पुन्हा कपाटात बसवू, पुन्हा घेऊ, या वेळी संगीतही आपलंच करू.

तू सांगितलं असतंस तर. हे लिहून खोडणार होतो, पण राहू दे. बाबांनी तुला गप्प बसवलं आणि तू बसलीस, तुझी चूक नाही. मला मात्र राग येतोय आणि तो कुणावर काढायचा तेच कळत नाही. कंपनीवर काढावा तर ती म्हणते तेच कायद्यात आहे.

इथल्या सगळ्या फायली शोधल्या. भावोजींच्या जुन्या फोनमध्ये बघ. शिंपीकाकांना विचार. एखादा शब्द तरी कुठे असेल.

तुझा,
बारक्या


९ मार्च

प्रिय बारक्या,

अनेक आशीर्वाद.

ह्यांचा जुना फोन पाहिला. त्यात तुमच्या चित्रीकरणाचा एक तुकडा सापडला. झगा घातलेले बाबा दोन वेळा माइकवर टिचकी मारतात, तोंड उघडतात, आणि तेवढ्यात शिंपीकाका ओरडतात, "थांबा, टाका उसवला!" तिथेच संपतो. शिंपीकाकांना दाखवला, तर ते बिचारे दुकानाचं शटर अर्धं ओढून बसून राहिले. त्यांना कुणी काही बोललेलं नाही.

तुझं पत्र बाबांना दाखवलं नाही, पण त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी कागद पुढे ओढला. मग लिहिलं, 'त्याने केलं ते बरोबर केलं. नोकरी सांभाळ म्हणावं.' मला वाटतं तू हे जपून ठेवावंस, म्हणून कागद सोबत पाठवते. माझ्या मनात तुझ्याबद्दल राग होता. दोन दिवस होता. मग लक्षात आलं, मी एक फोन केला असता तर तू डिस्कला हात लावला नसतास. मी गप्प बसले आणि तू घाई केलीस, आणि दोघांनीही ते बाबांच्या नाहीतर पोटाच्या काळजीनेच केलं. या हिशोबाला कुठे नेऊ?

परवा टीव्हीवर मूळ सिनेमा लागला होता. मी बदलायला गेले, तर बाबांनी टेबलावर दोन टिचक्या मारल्या. आता आम्हाला बोलवायचं असलं की ते तसंच करतात, स्टँडवर माइक चालू आहे का बघायला मारायचे तशा. राहू दे, अशी खूण केली. सम्राट आला, ग्रह जाळायला निघाला, आणि बाबांचे ओठ हलायला लागले. प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. मला शब्दन् शब्द कळत होता. विलंबाबद्दल दिलगीर आहोत, तिथे आई खळखळून हसली, अगदी पूर्वी हसायची तिथेच. मला वाटलं, चला, काही गेलेलं नाही, आमच्यात तर आहे.

नंतर आई स्वयंपाकघरात आली. भांडी पुसता पुसता म्हणाली, "शब्द सगळे पाठ आहेत गं मला. पण त्यांचा आवाज कसा होता? जाड म्हणायचा का? तू म्हणून दाखव ना."

मी प्रयत्न केला. तो माझाच आवाज आला. आईने मान हलवली आणि फडकं पिळून वाळत घातलं.

तू सुट्टी काढून येशील तेव्हा ये, घाई करू नकोस. पण रविवारी फोन कर. मी बाबांच्या कानाशी धरेन. पलीकडून दोन टिचक्या ऐकू आल्या की समज, बाबा आहेत. पुढे घोषणा होणार नाही. थांबू नकोस, तूच बोलत राहा.

तुझी,
ताई