एकेचाळीस नंबरच्या अत्तराची वाटणी

मी, एमे रुस्तां, वय वर्षे छप्पन्न, अविवाहित, राहणार बार-सुर-लू, ग्रासच्या एका अत्तर कारखान्यात एकतीस वर्षे भट्टी सांभाळलेला, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने निळ्या शाईत लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. हृदयाची झडप ठिकाणावर नाही. ती वीस तारखेला नीसच्या इस्पितळात बदलणार आहेत. शंभरातले सत्त्याण्णव जण यातून उठतात, असे डॉक्टर म्हणाले. उरलेल्या तिघांनी कागदपत्रे करून ठेवली होती का, ते त्यांनी सांगितले नाही. म्हणून हे लिहिणे.

नोटरी श्रीमती सोवेर यांनी समजावले ते असे. आईवडील हयात नाहीत, बायको-मुले नाहीत, तेव्हा कोणाला काय द्यायचे हे ठरवायला मी मोकळा आहे. पण काहीच न लिहिता गेलो तर सर्व काही माझा भाऊ रेमों याला जाईल. रेमोंने उतारावरची माझी कडू संत्र्याची तेरा झाडे तोडून तिथे पोहायच्या तलावाचे बंगले बांधायचा नकाशा मला दाखवलेला आहे. तोही जेवणाच्या टेबलावर, ताटात सूप असताना. त्यामुळे एकही ओळ मोघम ठेवणार नाही.

१. राहते घर, तळमजला आणि माडी, सामानासह रेमोंला. तो वाईट माणूस नाही, घाईचा आहे. उत्तरेकडची खिडकी आधी किंचित वर उचलावी आणि मग ओढावी. बारा वर्षे सांगतो आहे, तो नुसती ओढतो.

२. बँकेत जे असेल त्यातून आधी माझा अंत्यविधी, आणि उरेल त्यातून उतारावरचे दगडी बांध. सिमेंट वापरू नये. दगडावर दगड बसला पाहिजे, मधून पाणी वाहिले पाहिजे. सिमेंटचा बांध दिसायला देखणा असतो आणि तिसऱ्या पावसाळ्यात झाडासकट खाली येतो.

३. वास तपासायच्या कागदी पट्ट्यांचा एक न फोडलेला गठ्ठा माझ्या कपाटात आहे. तो कारखान्यातले निवृत्त मुख्य तपासनीस दालमासोसाहेब यांना द्यावा. कारण त्यांना समजेल, पण इतरांसाठी लिहितो.

मी चौदाव्या वर्षी शाळा सोडली. अत्तर जुळवणे मला कोणी शिकवले नाही. दिवसा भट्टी आणि संध्याकाळी पुस्तके, असे मी ते शिकलो. माझ्या मनात एकच अत्तर होते. कडू संत्र्याच्या एका झाडातून तीन तेले निघतात. मे महिन्यात फुलाचे, जूनमध्ये छाटणी झाली की पानाचे, आणि नोव्हेंबरात फळ हिरवे असतानाच सालीचे. एका झाडाचे अख्खे वर्ष एका बाटलीत भरायचे, बाहेरचे काही घालायचे नाही, एवढीच माझी इच्छा होती. सहा वर्षांत चाळीस प्रयोग फसले. एकेचाळिसावा घेऊन मी दालमासोसाहेबांकडे गेलो. त्यांनी पट्टी बुडवली, नाकाखाली धरली, एक टेलिफोन घेतला, पुन्हा धरली. म्हणाले, "रुस्तां, हिरवा वास पाच मिनिटांत पळाला. राहिलं ते साबणाचं पाणी. भट्टी झकास सांभाळता तुम्ही, तीच सांभाळा."

पट्टीवर ते तसेच होते, हे मान्य करतो. मीही ते पट्टीवरच पाहिले होते, शेकडो वेळा. पुस्तकात पट्टी लिहिली होती आणि न शिकलेला माणूस पुस्तकाबाहेर पाऊल टाकायला घाबरतो. शिकलेले मात्र अत्तर मनाला भिडले तर बेलाशक स्वतःच्या मनगटावर लावतात, हे मला उशिरा कळले. माझ्या अत्तरासाठी साहेबांनी आपले मनगट पुढे केले नाही, हा माझा त्यांच्यावरचा राग. मीही माझे केले नव्हते, हेही इथे नोंदवतो.

४. उतारावरची तेराही झाडे जमिनीसह, तांब्याची भट्टी, प्रयोगांच्या सातही वह्या आणि एकेचाळीस नंबरचे सूत्र, हे सर्व जोझियान बेर्मों हिला. जोझियान चर्चमागच्या गल्लीत राहते आणि गावातल्या दोन हॉटेलांच्या चादरींना इस्त्री करते. आमचे नाते शेजारचे. रेमों विचारील की परक्या बाईला का, म्हणून सविस्तर लिहितो.

साहेबांकडून परतलो त्या दिवशी ती बाटली मी जोझियानला देऊन टाकली. म्हटले, इस्त्रीच्या पाण्यात घाल. पुढे जुलैत शर्ट आणायला गेलो. सकाळचे अकरा, उन्हाने भिंती तापलेल्या. गल्लीत वळलो आणि थांबलो.

आधी साल आली. कोणीतरी हिरवे फळ नखाने सोलते आहे, अशी दातांत शिवशिवणारी. मग पान, तळहातावर चुरगळलेले, कडवट, विहिरीच्या काठासारखे थंड. एवढ्या उन्हात अंगावर काटा आला. आणि पानाच्या मागून फूल. ते पानाला बाजूला सारून पुढे आले नाही. झाडावर असते तसेच, पानाआडून. तिन्ही एकदम, मे आणि जून आणि नोव्हेंबर एकाच श्वासात, आणि कोणी कोणाला पुसून टाकत नव्हते. मी झाडांखाली वाढलो, पण झाड माझ्याकडे बघते आहे असे मला त्याआधी कधी वाटले नव्हते. मी टोपी काढली. चर्चमध्येही मी ती उशिराच काढतो.

त्यानंतर पहिला विचार आला तो मत्सराचा, हे खरे तेच लिहितो. या गावात माझ्याशिवाय कोणीतरी आहे आणि मला जे साधले नाही ते त्याला साधले आहे, असे वाटले. वासामागे चालत गेलो तो जोझियानच्या खोलीच्या दारात. बाह्या कोपरापर्यंत सारलेल्या, इस्त्री चालू, खोलीभर वाफ. मी विचारले, काय लावलेयस. तिने मान वर केली नाही.

"तू टाकून दिलेलं."

ते असे नव्हते, मी म्हणालो.

"सकाळी सहाला कोपराच्या आत लावलं. पाण्यात घालायला जीव झाला नाही. आता अकरा वाजले. तुझ्या कागदाला घाम येत नाही, एमे. शर्ट त्या खुंटीवर आहे."

त्यानंतर साडेअठरा वर्षे दर हंगामाचे अत्तर आधी तिच्या हातावर गेले. ती दिवसभर काम करी आणि संध्याकाळी सांगे: यंदा पान गप्प आहे, यंदा फूल आगाऊ आहे. मी त्याप्रमाणे थेंब कमी-जास्त करी. गावाला मात्र मी सांगितले की हे सगळे माझ्या नाकाने ठरवले. संत्र्याच्या जत्रेत मला मानाची पाटी मिळाली तेव्हा भाषणात मी झाडांचे आभार मानले, आईचे मानले, तांब्याच्या भट्टीचेही मानले. जोझियान दुसऱ्या रांगेत होती. तिने टाळ्या वाजवल्या. बाहेर पडताना म्हणाली, भाषण छान झाले, शर्टाची कॉलर तर फारच छान उभी होती, आभारांत कॉलरचे नाव तेवढे राहिले.

म्हणून सूत्राच्या वहीवर आणि पाटीवर यापुढे दोन नावे असावीत: जुळवले एमे रुस्तां याने, शोधले जोझियान बेर्मों हिने. हे कलम मी दुसऱ्यांदा लिहीत आहे. खाडाखोड असलेले मृत्युपत्र मला चालत नाही, आणि पहिल्या कागदावर एक शब्द खोडावा लागला. का, ते पुढे येईल.

५. अत्तर लावण्याची रीत. जोझियानला ठाऊक आहे, तिच्यानंतर येणाऱ्यांसाठी लिहितो. कोपराच्या आत, एका हाताला एक थेंब. घासू नये. लावल्यावर उघड्या हाताने उन्हात जाऊ नये; सालीच्या तेलाने कातडीवर डाग पडतात आणि ते महिनोन्महिने जात नाहीत. लावून बसून राहू नये, कामाला लागावे. नाक हाताजवळ नेऊ नये, ते आपणहून येते. आणि आले की हातातले काम क्षणभर थांबवावे. मी हे हजारदा अनुभवले असेल, एकदाही सवय झाली नाही.

६. कायद्याने हाताने लिहिलेल्या मृत्युपत्राला साक्षीदार लागत नाहीत. मला लागतात. खाली सही करणाऱ्या दोघांना मी काल पहिला मसुदा वाचून दाखवला. श्रीमती कावालिए यांनी रुमाल काढला. फिर्मां पाववाला म्हणाला, "हे तिला मेल्यावर सांगणार? तिचं दार तुझ्या दारापासून चाळीस पावलांवर आहे. तेवढी झडप टिकेल तुझी."

पावले अडतीस आहेत. मी गेलो. जोझियानने कागद उभ्यानेच वाचला, चौथे कलम दोनदा. मग मला पेन काढायला सांगितले. पहिल्या मसुद्यात मी लिहिले होते, 'जोझियान बेर्मों हिने मदत केली.' तिने 'मदत केली' यावर बोट ठेवले.

"हे खोड. मदत मी तुझ्या बटणांना करते."

मी तिच्यासमोर खोडले आणि 'शोधले' लिहिले. मग तिने विचारले, तुझे काही बरेवाईट झाले तर शेवटी तुला थोडे अत्तर लावायचे का. मी रात्रभर विचार करून उत्तर इथे लिहितो, म्हणजे त्याला कायद्याचे बळ येईल.

७. माझ्या मृत देहावर एक थेंबही घालू नये. थंड कातडीवर ते उलगडत नाही. मी त्या दिवशी कागदाची पट्टी असेन. ते जोझियानने लावावे. आमचे चर्च फेब्रुवारीत तळघरासारखे गार असते, म्हणून तिने आधी निदान डझनभर चादरींना इस्त्री करावी, अंग नीट तापू द्यावे, आणि मग यावे. पाद्रीबाबांनी तिच्यासाठी थांबावे. तिने पहिल्या रांगेत बसावे आणि बाह्या वर साराव्यात.

बार-सुर-लू, दिनांक ११ फेब्रुवारी २०१४.

सही: एमे रुस्तां

साक्षीदार:
फिर्मां ओडिबेर, पाववाला
हुगेत कावालिए, पोस्टातून निवृत्त