अंबूकाकीच्या हातची भाकरी

सेलम, ५ जानेवारी २०२५

ती. आईस साईराजचा सा. न.

मी हिकडं बरा हाय. फोनवर अंबूकाकीचं नाव काढलं की तू फोन ठेवतीस. आन सोनं गाळायच्या गलाईच्या दुकानात आमी पाच जण एका खोलीत, पोटाचं बोलायची चोरी. म्हणून कागद.

इथल्या मोठ्या डॉक्टरला दाखवलं. रक्त तपासलं, दुर्बिणीनं आतडं बघितलं. जखम न्हाई, गाठ न्हाई. आतडंच हळवं झालंय म्हणाला. जुलाबाचा मोठा झटका येऊन गेला की काहींचं असं वर्षानुवर्षं राहतं. कवा संडास बंद, कवा नुसती धावपळ. मुळापासनं जाईलच असं न्हाई, पण ताब्यात राहतं. दूध सोडलं, भट्टीपाशी चहा ढोसायचो तो दोन कपांवर आणला, जेवण वेळेवर, झोपताना इसबगोल. महिना झाला, सोनं गाळताना मधीच पळावं लागलं न्हाई.

आता तुझं. पाच वर्षांमागं म्हसवडच्या जत्रेतनं येऊन काकीकडं जेवलो आन पोट गेलं, तर तिनं करणी करून खायला घातलं असं तू गावभर केलंस. जत्रेत दोन बर्फगोळे खाल्ले त्याचं काय? दुसरा तर तूच घेऊन दिलतास. गोळेवाल्याला कुणी काय बोललं न्हाई.

शिवांजलीच्या लग्नाला काकीला बोलाव. ती नसंल तर मी पण न्हाई.

राग धर, माया सोडू नको.
तुझा साईराज

कडेगाव, १३ जानेवारी

चि. साईराज यास आईचे आशीर्वाद. (सांगणारी आई, लिहिणारी शिवांजली.)

लय शहाणा झालास. डॉक्टरला करणीतलं काय कळतंय? नाथाजी भगताचा अंगारा मी दर डब्यात चटणीत मिसळून धाडती, त्याचा गुण आलाय. भिंतीला भिंत असली तरी त्या जावेला मी बोलावणार न्हाई. बहिणीच्या लग्नाला येत न्हाई म्हणायला लाज वाटंना व्हय रं?

जिवाला जप.

दादा, आई गोठ्यात गेलीय, ह्या ओळी माझ्या. मला हळद लावायला काकीच पायजे. धमक्या कसल्या देतोस? नीट समजाव तिला.

सेलम, २१ जानेवारी

ती. आईस सा. न.

चटणी दातात कचकचायची ती त्यानंच व्हय! पाच वर्षं अंगारा खाल्ला, मग गुण दूध सोडल्यावरच कसा आला?

लग्नाला येतोय. पहिलं जेवण काकीकडं. पण आधीच सांगतो, लांबच्या प्रवासानं आन काळजीनं माझं पोट बिघडतं. बिघडलं तर ते काकीवर घालू नको. एवढंच मागतो.

आशीर्वाद डब्याबाहेरनं दे.
साईराज

कडेगाव, २ फेब्रुवारी

चि. साईराज यास अनेक आशीर्वाद.

तुझं पोट बिघडलं तर मी पुन्हा तिचंच नाव घेणार. माझा सोभाव मला ठाऊक हाय. म्हणून काल मीच तिच्याकडं जेवून आले, म्हंजे मग बोलायला तोंड उरणार न्हाई.

दारात बघून तिनं पाट मांडला. ताट वाढलं, मग म्हणाली, आधी कुत्र्याला घालून बघायचं का आक्का? मी खाली मान घालून जेवले. दुसरी भाकरी मागून घेतली.

तुला काय चालतं ते तिनं विचारून घेतलंय. हळदीला ती हाय.

सावकाश ये, वाट बघती.
तुझी आई