यंत्राने माझ्या वडिलांना तब्येत विचारू नये म्हणून

प्रति,
मा. आरोग्य संचालक,
डायलिसिस केंद्र विभाग,
नजलत-अस-सवाकी, वरचा इजिप्त

विषय : केंद्राच्या बोलक्या यंत्राने रुग्णाची प्रकृती रुग्णालाच विचारणे थांबविण्याबाबत.

संदर्भ : माझी तक्रार, "अर्जदार समाधानी" असा शेरा मारून बंद केलेली.

महोदय,

१. माझे वडील हाजी शहाता अब्दुल-जलील, वय ६८, निवृत्त नावाडी. दोन्ही मूत्रपिंडे निकामी. आपल्या केंद्रात आठवड्यातून तीनदा त्यांचे डायलिसिस होत असे. आता यंत्र रोज सकाळी फोनवर "कसे आहात?" असे विचारते आणि उत्तरावरून आठवड्याची यादी लावते. ते बनवणाऱ्या हुशार मंडळींच्या घरात कुणी म्हातारे माणूस नसावे.

२. आमच्याकडे या प्रश्नाला उत्तर एकच : "अल्लाची कृपा, झकास." घरात मयत झालेली असली तरी माणूस हेच म्हणतो. केंद्रातल्या डॉक्टर नादिया ते ऐकून सोडून देत आणि पाय दाबून सूज बघत. यंत्र मात्र ऐकते. तिनाचे दोन झाले, दोनाचे एक.

३. मी विनवले, "बाबा, एकदा तरी खरं सांगा." ते म्हणाले, "ज्यानं अडुसष्ट वर्षं दिली, त्याची गाऱ्हाणी यंत्रापुढं गाऊ? लाज बाळग जरा, पोरी." मी त्यांच्या वतीने बोलले, तर आवाज रुग्णाचा नाही म्हणून नोंद रद्द झाली. केंद्रात वडिलांच्या शेजारच्या खुर्चीवर डायलिसिस घेणाऱ्या उम्म किरोलोस यांनी मंगळवारी यंत्राला सांगितले, "तुझ्यापेक्षा बरी आहे रे लेकरा." गुरुवारी त्यांना पुरले. यादीत त्या "उपचाराची गरज संपली" या रकान्यात आहेत. त्याला चूक तरी कसे म्हणावे?

४. मी तक्रार केल्यावर आपल्या कार्यालयाचा फोन आला. आवाज मोठा गोड होता. "कशा आहात?" मी सवयीने म्हणाले, "अल्लाची कृपा, छान." तेवढ्यावर तक्रार बंद झाली. त्या दिवसापासून मला माझ्याच तोंडाची भीती वाटते.

५. या आठवड्याच्या यादीत वडिलांचे नावच नाही. त्यांना आडवे होता येत नाही, दम लागतो. तरी फोन वाजला की ताठ बसतात, घसा खाकरतात आणि खणखणीत आवाजात उत्तर देतात. कृपया डॉक्टर नादिया यांना उद्याच घरी पाठवावे. त्यांनी काही विचारू नये, फक्त पायावर अंगठा दाबावा. मला फोन करू नये.

लेखी उत्तराची वाट पाहणारी,
सनिया शहाता
बुधवार, दि. ४

सोबत :
१) चालू आठवड्याच्या यादीची प्रत.
२) वडिलांच्या उजव्या पायातला जोडा. मागच्या महिन्यापर्यंत पायात जात होता.