ती जागा आईची होती

अण्णा, तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली आणि माझा राग अजून गेलेला नाही. तुम्ही होतात तेव्हा मी लहान होते. आता मुलींच्या शाळेत शिकवते, नाटकाचं तिकीट माझं मी काढते.

गेल्या आठवड्यात इथं एक कंपनी येऊन गेली. हल्ली कंपन्या फारशा येत नाहीत, थिएटरांत बोलपट लागतात. तुमच्या वेळचे राजवाड्याचे पडदे गेले. आता रंगभूमीवर खराखुरा कोच नि टेबल असतं, नाटक तीन तासांत आटोपतं, पदं चार-पाचच. या नाटकाचा नायक डॉक्टर होता. स्त्रियांच्या हक्कांवर तो अर्धा अंक बोलला आणि मग बायकोला म्हणाला, चहा टाक. कुणी हसलं नाही, कारण लिहिणाऱ्यालाच त्यात हसण्यासारखं काही दिसलं नव्हतं. बायकोचं काम मात्र खऱ्या बाईनं केलं. पहिल्या पदाला ती बिचारी पेटीवाल्याच्या बाजूला सरकून उभी राहिली. दुसऱ्यापासून आवाज मोकळा झाला. मध्यंतरात दारापाशी तुमचे स्टेशनावरचे स्नेही भेटले. म्हणाले, बाईचं काम बाईनंच करावं, आम्ही पहिल्यापासून हेच म्हणत आलो. पहिल्यापासून तुम्ही सगळे काय म्हणत होतात, ते मी ऐकलेलं आहे.

तुम्ही स्टेशनावर मालबाबू. कंपनीचे पेटारे नि पडदे कुर्डुवाडीहून गाडीनं आले की तुमच्या देखरेखीखाली उतरायचे, त्यातून नटांच्या ओळखी झालेल्या. त्या वर्षी नायिकेचं काम करणाऱ्या नटाला तुम्ही दुपारी जेवायला बोलावलंत. मी नऊ वर्षांची. आई सकाळपासून पुरणाच्या मागे आहे. त्या नाटकातलं पद तुम्ही रोज संध्याकाळी पेटीवर घोटायचात, ते ऐकून ऐकून तिला येत होतं. बाहेर पाहुणा बसलाय हे विसरून ती पोळी लाटता लाटता तेच गाते आहे. दुसऱ्या ओळीत, जिथं तुम्ही नेहमी अडायचात, तिथं ती सूर खाली आणत नाही. वरच थांबते, जरा हेलावते आणि मग अलगद उतरते. नटाच्या हातातला घास तसाच राहिला. आत कोण गातंय, त्यानं विचारलं.

"स्वयंपाकाची बाई आहे," तुम्ही म्हणालात. "कितीदा सांगितलं, तोंड बंद ठेवत नाही."

गाणं थांबलं. आईनं तुपाचं भांडं माझ्या हातात दिलं. "तू वाढ की," ती म्हणाली, "मला आता बाहेर येता यायचं न्हाय."

त्याच दिवशीच्या खेळाला तुम्ही मला नेलंत. दुसऱ्या ओळीत तो नट वरच थांबला, हेलावला आणि अलगद उतरला. थिएटर उठून उभं राहिलं. तीनदा वन्समोर झाला. मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्हीही ओळखलं होतंत. माझा दंड धरून तुम्ही म्हणालात, "घरी बोलायचं नाही."

त्यानंतर आई गायली नाही. का, ते तुम्ही विचारलं नाहीत. चारचौघांत बायको गाते म्हणून नाव ठेवतील ही भीती तेव्हा सगळ्यांनाच होती; तेवढं मी सोडून देईन. पण त्या वन्समोरचं कौतुक तुम्ही जाईपर्यंत घरी येईल त्याला सांगितलंत. गाण्यातली ही जागा त्याला देवानं सुचवली, असं तुम्ही म्हणत असताना आई समोर चहाचे कप ठेवत असे. ते कसं जमलं तुम्हाला?

गेल्या आठवड्यात त्या नाटकाहून आल्यावर मी तिला सांगितलं की बाई गायली. ती शेंगा फोडत होती.

"भ्याली का गं?"

"आधी थोडी."

"भ्यायचीच की," ती म्हणाली आणि पुन्हा शेंगांना लागली. त्या नटानं घेतलेली जागा तिचीच होती, हे मला तेव्हाच सांगता आलं असतं. हे पत्र तिला वाचून दाखवावं म्हणूनच लिहायला घेतलं होतं; दाखवणार नाही. तुम्ही मला गप्प बसवलंत असं मी इतकी वर्षं मनाला सांगत आले. खरं म्हणजे तिसऱ्या वन्समोरला मी खुर्चीवर चढून हात दुखेपर्यंत टाळ्या वाजवल्या, आणि तिथं शालू नेसून तो उभा आहे, चुलीपुढची माझी आई नाही, याचं मला बरं वाटलं होतं.